परदेशी सेवाकार्य आणि मुलांची सुरक्षितता : शिफारसपत्र देण्याआधी मंडळीने काय विचारावे?

सात रस्ता (धागाकर्ता)

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचांपुढे सध्या एक ठराव आला आहे आणि त्यावर मत बनवण्याआधी जाणत्यांशी बोलावे, म्हणून हा धागा काढत आहे. मंडळीतील एक तरुण दांपत्य पूर्व आफ्रिकेत सेवाकार्यासाठी जाणार आहे. ती परिचारिका आहे, त्याचे शिक्षण शेतीतले आहे, आणि दोघांच्या तळमळीविषयी कोणाच्या मनात शंका नाही. त्यांना पाठवणाऱ्या संस्थेने मंडळीकडे शिफारसपत्र आणि निर्वाहखर्चातील काही वाटा मागितला आहे. संस्थेच्या पत्रात व्हिसा, विमा, लसी, भाषेचे शिक्षण, घरभाडे या सर्वांचा तपशील आहे. त्यांच्या दोन लेकरांविषयी मात्र, ज्यांतील थोरली नऊ वर्षांची आणि धाकटा सहा वर्षांचा आहे, एवढेच म्हटले आहे की त्यांची व्यवस्था निवासी शाळेत होईल. ही शाळा आईवडिलांच्या कामाच्या गावापासून एका दिवसाच्या प्रवासावर आहे.

बैठकीत मी विचारले की रात्री वसतिगृहात मुलांपाशी कोण असते, त्या व्यक्तीची नेमणूक कशी झाली, आणि मुलाला त्या व्यक्तीविषयीच काही सांगायचे असेल तर त्याने ते कोणाला सांगावे. यावर उत्तर मिळाले की ती सारी देवाची माणसे आहेत, आपण चिंता करू नये. उत्तर देणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण माझा प्रश्न व्यवस्थेविषयी होता आणि उत्तर चारित्र्याविषयी मिळाले.

हा प्रश्न माझ्या मनात उगाच आलेला नाही. पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशात मामू येथे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकी संस्थेची निवासी शाळा होती. आईवडील आजूबाजूच्या देशांत दूरवर काम करीत आणि सहा-सात वर्षांची मुले वर्षातील बहुतेक महिने तेथे राहत. शाळा १९७१ मध्ये बंद झाली. तेथे आपला शारीरिक, मानसिक आणि काहींचा लैंगिक छळ झाला, हे त्या मुलांनी प्रौढ वयात पुन्हा पुन्हा सांगितल्यावर स्वतंत्र आयोग नेमला गेला आणि त्याचा अहवाल १९९७ मध्ये आला, म्हणजे शाळेला कुलूप लागून पाव शतक उलटल्यावर. न्यू ट्राइब्ज मिशनच्या सेनेगलमधील फांदा येथील शाळेत १९८० च्या दशकापासून जे घडले, त्याचा स्वतंत्र अहवाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काँगोतील प्रेस्बिटेरियन कार्यकर्त्यांच्या मुलांविषयीचा चौकशी अहवाल २००२ चा आहे. बांगलादेशातील मालुमघाट येथील मिशन रुग्णालयात १९८९ मध्ये एका शल्यचिकित्सकाने कार्यकर्त्यांच्याच चौदा वर्षांच्या मुलीवर अत्याचार केल्याचे उघडकीस आले, तेव्हा पाठवणाऱ्या मंडळाच्या माणसांनी त्या मुलीकडूनच कबुलीजबाबासारख्या कागदावर सही घेतली. त्या प्रकरणाचा संपूर्ण अहवाल प्रसिद्ध व्हायला २०१६ साल उजाडले.

देश वेगळे, पंथ वेगळे, माणसे वेगळी. रचना मात्र तीच. आईवडिलांना वेतन देणारी, राहायला घर देणारी, मुलांची शाळा चालवणारी आणि तक्रार आलीच तर ती ऐकणारी संस्था एकच होती. मामूच्या मुलांची घरी जाणारी पत्रे आधी कर्मचारी वाचत. तुम्ही कुरकुर केलीत तर आईवडिलांच्या कामात खंड पडेल आणि तिकडची माणसे तारणाला मुकतील, ही धास्ती सात वर्षांच्या जिवावर घातली गेली होती. इतके ओझे घेऊन कोणते मूल बोलेल?

तेव्हा जाणकारांना विनंती, की शिफारसपत्रावर सही करण्याआधी आम्ही संस्थेला नेमके काय विचारावे, हे सांगावे. अडवणूक करण्याचा हेतू नाही. दांपत्य जावे, हीच माझीही इच्छा आहे.

निवृत्त शिक्षिका, रेल्वे लाईन्स

सलाम, पंचसाहेब. आपण विषय योग्य वेळी काढलात. मी थोडी मागची पार्श्वभूमी सांगते, कारण निवासी शाळा हा शब्द ऐकताच घाबरून जाण्यात अर्थ नाही आणि भारावून जाण्यातही नाही.

अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये सुरू झाले, अहमदनगरला १८३१ मध्ये आले आणि सोलापुरात त्याच शतकाच्या सातव्या दशकात पोहोचले. त्या काळी मिशनरी दांपत्ये आपली मुले लहान वयातच अमेरिकेत नातलगांकडे पाठवून देत आणि मग कित्येक वर्षे त्यांची गाठभेट होत नसे. हिवतापाचे आणि पटकीचे भय खरे होते, त्यामुळे त्यांना निर्दय म्हणता येणार नाही. पुढे ही ताटातूट कमी व्हावी म्हणून डोंगरांवर शाळा उभ्या राहिल्या. मसुरीची वुडस्टॉक १८५४ ची आहे आणि कोडाईकनालची शाळा अमेरिकन मिशनरींनी १९०१ मध्ये काढली. म्हणजे आज ज्या निवासी शाळेची आपल्याला धास्ती वाटते, ती एके काळी त्याहून मोठ्या विरहावरचा उपाय म्हणून आली होती.

पण मुले म्हटली की केवळ मिशनरींची मुले एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते, हे मला खटकते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत आपल्या भागातील अनाथ मुले मिशनच्या आसऱ्याला आली आणि त्यांतील अनेकांची पतवंडे आज आपल्या मंडळ्यांत आहेत. ती जगली, शिकली, हे उपकार नाकारण्याचे कारण नाही. त्याच सोलापुरात पुढे १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखालील सेटलमेंट, म्हणजे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची कुंपणातील वसाहत, चालली आणि काही काळ तिची व्यवस्था मिशनकडे होती. तारेच्या कुंपणाआडच्या मुलांना आईवडिलांपासून वेगळे काढून सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला त्या कायद्याने दिला होता. मुलांचे भले करायचे म्हणून त्यांना घरापासून तोडायचे, हा विचार त्या काळी सरकार आणि मिशन या दोघांनाही सहज पटत होता. कॅनडात तेथील मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी चर्चसंस्थांनी सरकारी पैशावर चालवलेल्या निवासी शाळांविषयी सत्यशोधन आयोगाने २०१५ मध्ये जे मांडले, ते वाचताना मला आपल्या सेटलमेंटची आठवण झाली. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असे मी म्हणत नाही. मात्र तुमच्या प्रश्नपत्रिकेत आणखी एक प्रश्न घाला: हे दांपत्य जेथे काम करणार आहे, तेथील स्थानिक मुलांच्या रक्षणाची हमी कोण देणार आहे? कारण आपली माणसे तिकडे अधिकाराच्या जागी जाणार आहेत.

बार्शीकर

चर्चा गंभीर आहे आणि भाषा संयमी आहे, म्हणून लिहीत आहे. माझा मुद्दा कदाचित कोणाला आवडणार नाही. आपला समाज लहान आहे. एखाद्या वसतिगृहात काही घडल्याची नुसती कुजबुज झाली तरी साऱ्या मिशनकार्यावर धर्मांतराचा आणि परदेशी पैशाचा शिक्का मारायला लोक टपलेले असतात. अशा वेळी आपणच परदेशातील तीस-चाळीस वर्षांपूर्वीची प्रकरणे उगाळत बसलो, तर कुष्ठरुग्णांची सेवा केलेल्या, शाळा-दवाखाने चालवलेल्या शेकडो प्रामाणिक माणसांवर अन्याय होतो. पाळक, पंच आणि पालक यांनी एकत्र बसून एखादी बाब मिटवली, तर मुलाचीही बदनामी टळते. पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढून कोणत्या मुलाचे भले झाले आहे?

वकील, होटगी रस्ता

बार्शीकरांच्या शेवटच्या दोन वाक्यांना कायद्याच्या बाजूने उत्तर देणे आवश्यक आहे, कारण सद्हेतूने केलेली मिटवामिटवी आज गुन्हा ठरते.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, ज्याला आपण सगळे पॉक्सो म्हणतो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ नुसार असा अपराध घडल्याचे ज्याला ज्याला कळले, त्या प्रत्येकावर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. त्यातून पाळक सुटत नाहीत, पंच सुटत नाहीत आणि डॉक्टरही सुटत नाहीत. माहिती दडवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध संस्थाप्रमुखाने दडवल्यास ही मुदत एक वर्षापर्यंत जाते. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहातील मुलींच्या प्रकरणात एका डॉक्टरवर माहिती न दिल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयाने तो रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला आणि तत्काळ खबर देणे किती महत्त्वाचे आहे, हे स्पष्ट केले. शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेच्या कर्मचाऱ्याने तेथील मुलावर केलेला अपराध हा कायदा अधिक गंभीर मानतो, हेही ध्यानात असावे.

बदनामीची भीती समजण्यासारखी आहे, पण कायद्याने तिचीही काळजी घेतली आहे. मुलाची ओळख पटेल असा कोणताही तपशील छापण्यास कलम २३ ने मनाई केली आहे. जबाब शक्यतो मुलाच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यावा, अशी तरतूद आहे. तेव्हा पोलीस ठाण्याच्या पायऱ्यांचे जे चित्र आपण रंगवले, ते निदान कायद्याला मान्य नाही; प्रत्यक्षात ठाण्यागणिक अनुभव वेगळा येतो, हे मी अमान्य करणार नाही. सद्हेतूने खबर देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. पहिली विचारपूस कोठे करावी हे न सुचल्यास १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे आणि प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे.

आता परदेशाचा भाग. भारतीय नागरिकाने देशाबाहेर केलेल्या गुन्ह्याचा खटला भारतात चालू शकतो, मात्र त्यासाठी केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते. अमेरिकेने २००३ च्या कायद्याने आपल्या नागरिकांनी परदेशात मुलांवर केलेल्या लैंगिक अपराधांसाठी मायदेशी खटला चालवण्याची वाट सोपी केली. ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये नोंद असलेल्या बाल-लैंगिक गुन्हेगारांना परदेशी जाता येऊ नये म्हणून पारपत्राच्या कायद्यात बदल केला. तात्पर्य इतकेच की परदेशात घडलेल्या अपराधाला वाली नाही, ही समजूत खरी नाही. मात्र तिकडच्या पोलिसांपर्यंत सहा वर्षांचे मूल स्वतःहून पोहोचणार नाही. म्हणून संस्थेला लेखी विचारावे, की तक्रार आल्यास आपण ती आधी स्थानिक पोलिसांकडे नेता की आधी आपल्या मंडळापुढे ठेवता. या एका उत्तरावरून संस्थेची पारख होते.

सात रस्ता (धागाकर्ता)

वकीलसाहेब, आभार. बार्शीकरांना दोन शब्द सांगतो, कारण त्यांची भीती आमच्या बैठकीतही बोलून दाखवली गेली आणि ती खोटी नाही.

समाज अल्पसंख्य आणि वातावरण संशयाचे असते, तेव्हा तोंड मिटून राहण्याचा मोह होतो. पण आपल्याच परंपरेतील एक उदाहरण पाहावे. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन आपल्या पुणे-सोलापूर लोहमार्गावर केडगावला आहे. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगच्या व्यवस्थेत आपल्या आश्रमातील एका मुलीच्या वाट्याला काय आले, हे रमाबाईंनी बॉम्बे गार्डियन या ख्रिस्ती वृत्तपत्रात उघडपणे लिहिले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी ते साफ फेटाळले. बाईंपुढे तर सरकारचा रोष होता, धर्मांतरामुळे पुण्यातला रोष आधीच ओढवलेला होता आणि देणगीदार बहुतांशी गोरे होते. गप्प बसण्यासाठी त्यांच्याजवळ आपल्यापेक्षा कितीतरी सबळ कारणे होती.

दुसरे असे, की दडपलेली गोष्ट आज ना उद्या बाहेर येते आणि तेव्हा आधीच्या गुन्ह्यात दडपणुकीच्या गुन्ह्याची भर पडलेली असते. इंग्लंडचे ताजे उदाहरण सर्वांना माहीत आहे. ख्रिस्ती शिबिरांतून मुलांना जवळ करून त्यांना अमानुष मारहाण करणाऱ्या जॉन स्माइथ या बॅरिस्टरविषयी वडीलधाऱ्यांना १९८२ मध्येच कळले होते. पोलिसांकडे कोणी गेले नाही. हा गृहस्थ १९८४ मध्ये झिम्बाब्वेत गेला आणि तेथे सेवाकार्य म्हणून पुन्हा मुलांची शिबिरे घेऊ लागला. १९९२ मध्ये त्याच्या शिबिरात एका सोळा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये या प्रकरणाच्या चौकशीचा मेकिन अहवाल आला आणि इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना पद सोडावे लागले. शिक्षिकाबाईंनी स्थानिक मुलांविषयी वर जो प्रश्न विचारला आहे, त्याचे उत्तर येथे आहे. घरची अडचण परदेशी धाडली गेली आणि तिचा भार आफ्रिकेतील मुलांनी सोसला. इंग्लंडमधील मुलांसाठी जे पुरेसे धोकादायक मानले गेले नाही, ते झिम्बाब्वेतील मुलांच्या बाबतीत तर कोणी मोजलेच नाही.

रात्रपाळी

मी सोलापुरात परिचर्येचे शिक्षण घेतले आणि काही वर्षे आफ्रिकेतील एका मिशन रुग्णालयात काम केले. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण नावाने काही साधणार नाही. आमच्या आवारात कार्यकर्त्यांच्या मुलांचे छोटे वसतिगृह होते, त्यामुळे चांगले काय आणि कच्चे काय, हे जवळून पाहिले आहे.

कागदावरचे धोरण सर्वांकडेच असते. आम्हीही पहिल्याच आठवड्यात आचारसंहितेवर सही केली होती. पाहायचे असते ते हे, की शिकवणीच्या खोलीच्या दाराला काच आहे का, एकटे मोठे माणूस एकट्या मुलाला घेऊन गाडीतून जाऊ शकते का, रात्री फेरी मारणारे दोघे असतात की एकच, आणि मूल आजारी पडले तर त्याच्या उशाशी कोण बसते. आमच्याकडे काचेचा नियम काटेकोर होता, आणि पाहुण्यांच्या बाबतीत मात्र सारेच सैल. परदेशाहून वक्ता आला की त्याची झोपण्याची सोय वसतिगृहाच्या रिकाम्या खोलीत व्हायची. माळी आणि स्वयंपाकी यांच्यावर चार डोळे असायचे आणि व्यासपीठावरून बोलणाऱ्या माणसावर एकही नाही. आपण गरिबावर संशय घेतो आणि प्रतिष्ठितावर विश्वास टाकतो, त्याचा फटका मुलांना बसतो.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. निवासी शाळेत लहान मुलाला त्रास बहुतेकदा मोठ्यांकडूनच होतो असे आपण धरून चालतो, पण थोराड मुलांकडून धाकट्यांना होणारा त्रासही खरा असतो, आणि तो दिवे मालवल्यानंतर होतो. सहा वर्षांचा मुलगा कोणत्या वयाच्या मुलांबरोबर झोपणार आहे, हे जरूर विचारा.

भाषेचेही पाहा. ही दोन मुले घरी मराठी बोलतात. घाबरलेले मूल शिकलेल्या इंग्रजीत सांगत नाही, ते आपल्या बोलीत रडते. तेथे मराठी कळणारे कोणी नसेल, तर आठवड्यातून ठरलेल्या वेळी आईशी दृक्‌श्राव्य बोलणे व्हायला हवे आणि त्या वेळी खोलीत वसतिगृहाचे कोणी नसावे. ही अट लेखी घ्या. नेटवर्क नसते, वीज नसते, ही कारणे मी ऐकली आहेत. रुग्णालयाच्या हिशेबासाठी मात्र नेटवर्क नेहमी मिळायचे.

आणि खरे सांगायचे तर सहा वर्षांच्या मुलाला निवासी शाळेत पाठवण्याची आज गरजच काय? अनेक संस्था आता कुटुंबाला आधी मोठ्या गावात ठेवतात किंवा घरी शिकवायला साहाय्य करतात. मंडळीने हा पर्याय मागावा. खर्च वाढेल, तर तो वाढीव वाटा मंडळीने उचलावा. प्रार्थनेचे आश्वासन द्यायला पैसे पडत नाहीत, शिक्षिकेला पडतात.

अक्कलकोट रस्ता

चर्चा सारी जाणाऱ्यांविषयी चालली आहे. आपल्याकडे येणाऱ्यांचे काय? नाताळच्या सुमारास परदेशी पाहुण्यांच्या टोळ्या येतात, वसतिगृहात राहतात, मुलांना कडेवर घेऊन छायाचित्रे काढतात आणि ती चित्रे त्यांच्या मंडळीच्या पडद्यावर झळकतात. त्या मुलाचे नाव, गाव आणि तोंडवळा अनोळखी माणसांच्या हाती जातो. मुलाच्या आईला कोणी विचारलेले नसते.

पूर्वी हे गैर वाटत नसे. पण गोव्यात अनाथ मुलांचे घर चालवणारा आणि स्वतःला फादर म्हणवून घेणारा फ्रेडी पीट्स १९९१ मध्ये पकडला गेला आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. मुंबईत अँकरेज नावाने निराधार मुलांचे निवारे चालवणाऱ्या दोन ब्रिटिशांना उच्च न्यायालयाने २००८ मध्ये सोडले होते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये त्यांची शिक्षा पुन्हा कायम केली. ही मिशनची माणसे नव्हती, हे मला ठाऊक आहे. तरीही दानशूर परदेशी माणूस आणि दारिद्र्यातील मूल यांच्यामध्ये कोणी उभे नसले की काय होते, ते यांतून दिसते. हैतीच्या भूकंपानंतर, जानेवारी २०१० मध्ये, अमेरिकेतील बाप्टिस्ट मंडळ्यांतील दहा जण ३३ मुलांना कागदपत्रांवाचून सीमेपार नेताना पकडले गेले. अनाथ म्हणून नेलेल्या त्या मुलांपैकी बहुतेकांचे आईवडील जिवंत होते. त्या दहांच्या मनात दुष्टावा होता असे मला वाटत नाही. घाई होती, आणि आपण पुण्याचे काम करत आहोत म्हणून नियम आपल्यासाठी नाहीत, ही खात्री होती.

आपल्या देशात बालगृहाला बाल न्याय अधिनियम २०१५ खाली नोंदणी सक्तीची आहे. पाहुण्याने येण्याआधी आपल्या देशाच्या पोलिसांचा दाखला आणावा, असे म्हणायला आपण का कचरतो? ब्रिटनमधून येणाऱ्यांसाठी तर आंतरराष्ट्रीय बालसंरक्षण प्रमाणपत्र नावाचा खास दाखला मिळतो. देणगी बंद होईल म्हणून आपण विचारत नाही, हे एकदा स्पष्ट बोललेले बरे.

बार्शीकर

वकीलसाहेबांनी सांगितलेली कलमे मी वाचून काढली. मिटवण्याचा माझा मुद्दा मी मागे घेतो. बदनामीची भीती मात्र कायम आहे, आणि रमाबाईंच्या धैर्याचा दाखला दिल्याने ती जाणार नाही. पण एक विचारतो. पंचांनी संस्थेला इतके प्रश्न विचारले आणि संस्थेने चिडून दांपत्यालाच घरी बसवले, तर त्यांना झालेल्या देवाच्या पाचारणाचे काय? आपल्या प्रश्नांची किंमत त्या दोघांनी का मोजावी?

शेजारी, विजापूर वेस

मी ख्रिस्ती नाही. शेजारधर्म म्हणून लिहितो. बदलापूरच्या शाळेतील ऑगस्ट २०२४ चे प्रकरण, अधूनमधून आश्रमशाळांतून येणाऱ्या बातम्या, मठ, मदरसे, क्रीडा प्रबोधिन्या, कोणाचेच आवार यातून सुटलेले नाही. आमच्या मुलीच्या शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीचा फलक आहे. समितीची बैठक झालेली मी ऐकलेली नाही. तुमची मंडळी आधी प्रश्न विचारत असेल, तर आमच्या देवस्थान समितीने चालवलेल्या वसतिगृहासाठी तुमची प्रश्नावली मी मागून घेणार आहे.

निवृत्त शिक्षिका, रेल्वे लाईन्स

बार्शीकर दादा, तुमचा प्रश्न खरा आहे आणि त्याचे सोपे उत्तर माझ्याजवळ नाही. मात्र नीट चालणाऱ्या संस्थेला हे प्रश्न नवे नसतात. मिशनरी संस्थांनी आणि त्यांच्या शाळांनी मिळून २००६ मध्ये बालसुरक्षेसाठी एक जाळे उभारले आहे. कीपिंग चिल्ड्रन सेफ या नावाने आंतरराष्ट्रीय मानके आहेत आणि त्यांत धोरण, माणसे, कार्यपद्धती आणि उत्तरदायित्व या चारही अंगांचा विचार केलेला आहे. संस्था या कोणत्याही मानकांखाली येत असेल, तर तिला उत्तर द्यायला एक संध्याकाळ पुरेल. प्रश्न विचारल्यामुळे जी संस्था दांपत्याला घरी बसवील, तिच्या हाती तुम्ही तुमची नात द्याल का, एवढे मनाशी विचारा. शिवाय प्रश्न दांपत्याच्या नावाने जाऊ देऊ नका. पत्र पंचांचे असावे, मंडळीच्या शिक्क्याचे असावे, म्हणजे राग आलाच तर तो मंडळीवर येईल.

मुलांनाही तयार करायला हवे. शरीराच्या अवयवांची नावे त्यांना लाज न बाळगता सांगता आली पाहिजेत, आणि मोठ्या माणसाने सांगितलेले गुपित आईपासून ठेवायचे नसते, हे त्यांना जाण्याआधी दहा वेळा खेळता खेळता कळले पाहिजे. शब्बाथ शाळेत आपण मुलांना आज्ञाधारकपणा फार शिकवतो. वडील माणसाला नाही म्हणायची परवानगी मी चाळीस वर्षांच्या नोकरीत फार थोड्या वर्गांत ऐकली.

सात रस्ता (धागाकर्ता)

सर्वांच्या मतांचा विचार करून पंचांनी पत्र पाठवले. शिक्षिकाबाईंच्या सूचनेप्रमाणे ते मंडळीच्या शिक्क्यानिशी गेले आणि दांपत्याला त्याची प्रत आधी दाखवली. दोघांनी ती वाचली. मुलांच्या आईने स्वतःच्या हाताने त्यात एक प्रश्न वाढवला, की मुलगी वयात आल्यावर तिची काळजी घेणारी स्त्री वसतिगृहात आहे का.

संस्थेचे उत्तर आले आहे. वसतिगृहातील नेमणुकांची पोलीस पडताळणी होते आणि आधीच्या मालकांशी दूरध्वनीवरून बोलणे केले जाते, असे त्यांनी कळवले. ठरलेल्या वेळी आईवडिलांशी खासगी बोलणे त्यांनी मान्य केले. धाकट्याला पहिली दोन वर्षे घरी शिकवण्याचा पर्यायही त्यांनी दिला असून त्याचा वाढीव खर्च मंडळीने अर्धा उचलावा, असे सुचवले आहे. महिला मंडळाने त्याची तयारी दाखवली आहे.

तक्रार प्रथम कोणाकडे जाते, या प्रश्नावर मात्र त्यांनी लिहिले आहे की बाब आधी क्षेत्रप्रमुखांकडे जाते आणि ते योग्य वाटल्यास पुढे कळवतात. स्थानिक मुलांविषयीच्या प्रश्नाला उत्तर दिलेले नाही. या दोन मुद्द्यांवर पंचांनी दुसरे पत्र लिहायचे ठरवले आहे आणि त्याचा मसुदा वकीलसाहेबांकडे पाठवत आहे. क्षेत्रप्रमुखाविषयीच तक्रार असेल तर ती कोणाकडे न्यायची, त्या व्यक्तीचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक आम्हाला हवा आहे, आणि ती व्यक्ती संस्थेच्या पगारावर नसावी, असे त्यात लिहिले आहे. शिफारसपत्रावरील सही तोपर्यंत थांबवली आहे. विजापूर वेशीच्या शेजाऱ्यांना प्रश्नावलीची प्रत उद्या पोहोचती करतो.